निवडलेली माती

माझ्या नोकरीच्या काळात मी मातीचे शेकड्यांनी रिपोर्ट लिहिले. त्यांतला एक साफ चुकला, आणि तो नेमका माझ्या सासऱ्यांच्या मातीचा निघाला. कुणी माझ्या हुशारीचं कौतुक करायला लागलं की मला तो रिपोर्ट आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ जे घडलं तेही आठवतं. म्हणून ही हकिकत सांगताना मला आता लाज वाटत नाही. खरं सांगायचं तर थोडा तोराच चढतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझं माहेर कोल्हापूरकडचं. शेतकी कॉलेजात वर्गात मी एकटी मुलगी, त्यामुळे अंगात रग पुरेपूर. लग्न होऊन मद्रासला, वेस्ट मांबलमच्या एका तंजावरी मराठी घरात आले. नवरा बँकेत, सासरे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, मोठे दीर एन्नोरला वीजकेंद्रात कामाला. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत आणि सासूबाईंना अम्मा. मीही तेच म्हणू लागले. गिंडीला माती तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा होती, तिथं मला नोकरी लागली. निलगिरी, शेवरॉय, कूर्गकडच्या मळ्यांची माती आमच्याकडे पिशव्या भरभरून यायची.

सासरची मराठी ऐकून मी पहिले सहा महिने थक्क होते. पूर्वजांनी दोनतीनशे वर्षांपूर्वी बरोबर आणलेली भाषा त्यांनी जपून ठेवली होती आणि रोजच्या रोज तिच्यात तमिळ घातलं होतं. माझ्या मराठीला ते ‘रेडिओची मराठी’ म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात अम्मा मला म्हणाल्या, “कुंडीत थोडं मण घाल.” तमिळमध्ये मण म्हणजे माती. माझ्या लेखी मण म्हणजे चाळीस शेर. एवढ्याशा कुंडीत मणभर काय घालायचं या विचारात मी तुळशीपुढं उभी राहिले, आणि अख्खं घर पोट धरून हसलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी तेव्हा वाटलं होतं की अशा गोंधळातून फार तर हसू होईल, नुकसान काय होणार?

अप्पांची शेवरॉयच्या डोंगरात सात एकर कॉफी होती. त्यांच्या वडिलांनी एका गोऱ्या मळेवाल्याकडे आयुष्यभर कारकुनी केली आणि म्हातारपणी हा तुकडा घेतला. अप्पा महिन्यातून एकदा सेलमची गाडी धरून तिकडे जात. शाळेत चाळीस वर्षं काढलेला हा माणूस घरी फारसं बोलत नसे, पण कॉफीचा विषय निघाला की थांबत नसे. रस्त्याकडच्या एकरातली अरेबिका जातीची झाडं फार जुनी झाली म्हणून त्यांनी ती काढून नवी रोपं लावली होती. माझ्या लग्नाच्या वर्षी ती रोपं दोन वर्षांची झाली आणि पिवळी पडायला लागली. पानं गळाली, शेंडे वाळले. धरून ओढलं तर रोप एका हातानं वर यायचं, आणि खाली मुळांच्या जागी काळा बोटभर खुंट.

अप्पांनी हुमणी शोधली, सापडली नाही. वाळवी शोधली, तीही नाही. भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, या सगळ्याचा कंटाळा आला होता. सेलमचा एक गृहस्थ त्या रस्त्याकडच्या तुकड्यावर डोळा ठेवून होता. त्याला तिथं सुट्टीसाठी बंगला बांधायचा होता. “जागा रिकामीच पडली आहे, देऊन टाका,” असा त्याचा दर चार महिन्यांनी निरोप यायचा. भाऊजी म्हणायचे, देऊन टाकू. अप्पा म्हणायचे, अजून येकदा लावून बघतों.

मग मी पुढे झाले. घरात शेतकीची पदवीधर असताना अंदाजपंचे कशाला? मुळांवर जगणारे सूत्रकृमी असतील अशी मला शंका होती. हे डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे किडे जुन्या झाडांच्या मुळांत राहतात. जुनी झाडं त्यांना सोसून घेतात. तीच झाडं काढून तिथंच कोवळी रोपं लावली की किडे त्यांच्यावर तुटून पडतात. मी कोल्हापूरला बहिणीच्या लग्नाला निघाले होते आणि अप्पा त्याच दिवशी डोंगरावर निघाले होते. दारात चपला घालता घालता मी म्हटलं, “अप्पा, माती तपासून घेऊ. पण नीट निवडून आणा हं. निवडलेली नसेल तर उपयोग नाही.”

“सरी,” अप्पा म्हणाले, म्हणजे ठीक आहे. अम्मा मागं उभ्या होत्या. त्यांनीही मान हलवली.

मला म्हणायचं होतं की जागा निवडा. मेलेल्या रोपाच्या अगदी खालची नको, तिथं किड्यांना खायला काही उरलेलं नसतं. अर्धवट पिवळ्या रोपांच्या बुडाशी खणा, मुळांसकट घ्या. एवढं सगळं मी एका शब्दात कोंबलं आणि गाडी पकडली.

परत आले तेव्हा प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर नमुन्यांची रांग लागली होती. प्रत्येकावर फक्त नंबर. अप्पांचा स्वभाव काटेकोर. सून आत बसते म्हणून मागच्या दारानं जाणं त्यांना मंजूर नव्हतं. ते सगळ्यांसारखे खिडकीपाशी उभे राहून, पावती घेऊन नमुना देऊन गेले होते. रांगेतला एक नमुना मला स्पष्ट आठवतो. धुतलेल्या कापडाच्या शिवलेल्या पिशवीत मैद्यासारखी मऊ, कोरडी ठणठणीत माती. सूत्रकृमी बघायचे तर माती ओली लागते. सुकली की ते मरतात किंवा निपचित पडतात, आणि मग काही केलं तरी मातीतून बाहेर येत नाहीत. हे मला पाठ होतं. पिशवी परत पाठवून ओली माती मागवणं हे माझं काम होतं. मी ते केलं नाही. अजून तीस पिशव्या बाकी होत्या आणि मला वेळेवर घरी जायचं होतं. ‘सूत्रकृमी आढळले नाहीत’ असं लिहून मी सही ठोकली.

दोनतीन दिवसांनी संध्याकाळी अप्पांनी तोच कागद माझ्यासमोर धरला. माझी सही बघून त्यांना केवढा आनंद झाला होता! मीही कागद कुठल्या पिशवीचा हे न बघता फुशारकीनं म्हटलं, “बघा, माती निर्मळ आहे. बेधडक लावा.” आणि अप्पांनी बेधडक लावलं. पुन्हा तोच एकर, पुन्हा अरेबिका.

दीड वर्षानं, पोंगलच्या आधीच्या आठवड्यात, अप्पा डोंगरावरून आले ते एक रोप वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन. त्यांनी ते जेवणघराच्या उंबऱ्याशी उलगडलं. वर चार पिवळी पानं, खाली काळा खुंट. भाऊजी आलेले होते, त्यांनी नुसता सुस्कारा टाकला. रिपोर्ट माझा होता.

अम्मा वाढत होत्या. अप्पांची समजूत काढावी म्हणून त्या म्हणाल्या, “विचार करूं नका. पुन्हा माती आणा. ह्या वेळीं मी आणिक चांगली निवडीन.”

मी मान वर केली. “अम्मा, काय निवडाल?”

“माती गो. मागं नाही का निवडली? तूंच म्हटलीस, निवडलेली पाहिजे म्हणून.” अम्मांचा चेहरा अभिमानानं फुलला. “शेजारच्या दोघीजणी आल्या होत्या. मुळं, खडे, केर, येक येक करून काढलं. तांदूळसुद्धा येवढे निवडत नाहीं आम्ही.”

“मुळं काढलीत?”

“मग? मुळं ठेवून देतात होय? चाळणीनं चाळली, वडामाशेजारीं गच्चीवर दोन दिवस वेयिल दाखवलं. ओली माती आफीसात कशी द्यायची? चार लोक काय म्हणतील?”

मद्रासच्या उन्हात, गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांसारख्या वडामांच्या शेजारी, दोन दिवस. त्यात एखादा किडा जगला असता तर मीच त्याला नमस्कार केला असता. मला आधी हसू फुटलं, मग ते कधी रडण्यात गेलं ते कळलंच नाही. अम्मा घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी सगळं सांगितलं: शब्द माझा, अर्थ त्यांचा, आणि कोरडी माती बघूनही न थांबलेली मी. चूक अम्मांची नव्हती. त्यांनी काम चोख केलं होतं. चुकलं ते शिकलेलं माणूस.

मला वाटलं होतं, अप्पा रागावतील. दोन पावसाळे गेले होते, हजारभर रोपं गेली होती. अप्पा पानावरून उठले, रोप हातात घेऊन उजेडात निरखत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मातींत कांहींतरी आहे. मी लावण्यांत चुकलों नाहीं.” एवढी वर्षं त्या माणसाला वाटत होतं की आपल्याच हाताला गुण नाही. मला ते त्या दिवशी कळलं, आणि आणखी वाईट वाटलं.

भाऊजींनी मात्र हिशेबी बोलणं केलं. “अप्पा, येक शेवटचं. तिसऱ्यांदा मेलं तर विक्रीच्या कागदावर सही करायची. मग मज काहीं सांगायचं नाहीं.” अप्पा म्हणाले, “सरी.” मी तिथंच बसले होते. तो ‘सरी’ माझ्या भरवशावर दिलेला होता.

अप्पा दुसऱ्याच दिवशी परत डोंगरावर गेले आणि माझ्या सांगण्याप्रमाणे अर्धवट आजारी रोपांखालची ओली माती, मुळांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊन आले. आले ते भोगीच्या सकाळी. प्रयोगशाळा चार दिवस बंद. पिशवी तापली तर किडे मरणार. घरात फ्रिज होता, पण त्यात दूध-दह्याशेजारी चिखल ठेवायची परवानगी अम्मांकडून मिळणं शक्य नव्हतं.

सूत्रकृमी बाहेर काढायची रीत अगदी सोपी आहे. ओली माती झिरझिरीत कापडावर ठेवायची, खालून पाणी जेमतेम लागेल असं करायचं. जिवंत किडे वळवळत कापडातून खाली पाण्यात उतरतात, माती वरच राहते. स्वयंपाकघरात उभी राहून मी याला काय वापरावं ते शोधत होते, आणि माझी नजर फडताळावर गेली. पितळेचा कॉफीचा फिल्टर! वरच्या भांड्याला बारीक भोकं, खाली दुसरं भांडं. घरात दोन होते. एक रोजचा, आणि एक अम्मांच्या लग्नातला, जो सणालाच निघे.

“अय्यो, शिव शिव!” अम्मा म्हणाल्या. “काफीच्या फिल्टरांत माती? आणि तीही सणाच्या दिवशीं?”

“अम्मा, कॉफीच्याच झाडाची माती आहे.”

त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं. मग पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि लग्नातला फिल्टर काढून माझ्या हातात दिला. “रोजचा नको. तो लागतो. हा घे. पाप लागलं तर मज लागो.”

मी खालच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरलं, वरच्यात मलमलीवर माती पसरली आणि भांडी एकमेकांत बसवून ती मोरीतल्या थंड कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पोंगलचा भात उतू गेला, सगळ्यांनी ‘पोंगलो पोंगल’ म्हणून ओरडून घेतलं, आणि दुपारी मी खालचं पाणी काळ्या चकचकीत बशीत ओतून खिडकीपाशी नेलं. कॉलेजातलं भिंग माझ्याकडे होतं. पाण्याला तिरपा उजेड लागला आणि मला केसाच्या तुकड्यांएवढे चमकणारे धागे दिसले. एक नाही, दोन नाही. बशीभर वळवळत होते.

अम्मांनी माझ्या हातातून भिंग ओढलं. एक डोळा मिटून त्या वाकल्या. “अगो,” त्या कुजबुजल्या, “शेवया चालतायत!”

अप्पांनी पाहिलं आणि ते हात जोडल्यासारखे उभे राहिले. शत्रू दिसला की अर्धी लढाई जिंकली असं म्हणतात. आमच्या घरात त्या दिवशी पोंगलपेक्षा त्या बशीचाच सण झाला. शेजारच्या ज्या दोघींनी माती निवडली होती, त्यासुद्धा बघून गेल्या.

पाणी बाटलीत भरून मी माठाशेजारी ठेवलं आणि प्रयोगशाळा उघडताच सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. मातीत निरुपद्रवी कृमीही असतात, म्हणून तोंड बघावं लागतं. मुळं फोडणाऱ्यांच्या तोंडात सुई असते. यांच्या तोंडात होती. मी तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेले आणि मागचा रिपोर्ट चुकीचा होता, तो रद्द करून नवा द्यायचा आहे, असं सांगितलं. साहेब म्हणाले, नमुना कोरडा आणला ही गिऱ्हाइकाची चूक, आपण कशाला बोभाटा करायचा? मी म्हटलं, कोरडा नमुना घेतला ही माझी चूक, सही माझी आहे. ते म्हणाले, तुमच्या नावावर डाग राहील. मी म्हटलं, राहू दे. नव्या रिपोर्टवर ‘मागील अहवाल रद्द’ असं टाइप करवून घेतलं आणि सही केली. त्या सहीइतकी समाधानाची सही मी पुन्हा केली नाही. पुढच्या महिन्यापासून प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक पाटी लागली, माझ्याच हट्टानं: सूत्रकृमींसाठी ओलीच माती आणावी, चाळू नये.

मग उपायाची पाळी. जॉर्ज टाउनमधल्या एका औषधवाल्याकडे मी आणि अप्पा गेलो. त्यानं जमिनीत टोचायच्या एका औषधाचं पिंप दाखवलं. आठवड्यात माती साफ, म्हणाला. मी विचारलं, जमिनीत तुटून राहिलेल्या मुळांच्या पोटात बसलेल्यांचं काय? तो म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा टोचा. टोचताना माणसांनी नाकाला फडकं बांधावं, असंही म्हणाला. आमच्या त्या उताराच्या पायथ्याशी वस्तीची विहीर होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी अप्पांकडे. आम्ही तिथून निघालो आणि शेजारच्या गल्लीतून निंबोळी पेंडीची पोती घेतली.

मी अप्पांना सांगितलं ते त्यांना औषधापेक्षा कडू लागलं. एक वर्ष काहीही लावायचं नाही. सगळी रोपं उपटून जाळायची. जमीन हातभर खोल उकरायची, उन्हाळाभर उलथीपालथी करायची, आणि मुळाचा तुकडा म्हणून मातीत ठेवायचा नाही. खायला काही मिळालं नाही आणि ऊन लागलं की किड्यांचं बळ मोडतं. “वर्षभर रिकामी?” अप्पा म्हणाले. त्यांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलं होतं. वर्ष म्हणजे काय ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण त्यांनी मानलं.

उन्हाळ्यात आम्ही सगळे डोंगरावर गेलो. गडी कुदळीनं जमीन उलथत होते आणि मागून वस्तीवरच्या बायका मुळं वेचत होत्या. त्या मोठी मुळं उचलत, बारीक सोडून देत. अम्मा बांधावर बसून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. त्या खाली उतरल्या, मातीत फतकल मारून बसल्या आणि सुपात माती घेऊन तमिळमध्ये सगळ्यांना धडा द्यायला लागल्या. असं पाखडायचं, असं बोटानं पसरायचं, केसाएवढं मूळ दिसलं तरी काढायचं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आतां तरी निवडूं ना?”

“निवडा,” मी म्हटलं. “जेवढं निवडाल तेवढं थोडं.”

त्या एकरातून निघालेल्या मुळांचा ढीग माझ्या कंबरेएवढा झाला. तो वाळल्यावर अप्पांनी स्वतः काडी लावली. गणिताचे मास्तर धुरात उभे राहून ठसकत होते आणि हसत होते.

आता रोपं. अरेबिकाची कॉफी चवीला सरस, पण तिची मुळं नाजूक. रोबस्टाची मुळं चिवट, हे किडे तिला फारसं काही करू शकत नाहीत. तेव्हा खाली रोबस्टा आणि वर अरेबिका असं कलम करायचं. डोंगरावर रोपवाटिका घालायची माझी तयारी नव्हती. तिथल्या मातीचा मला भरवसा राहिला नव्हता. दुधानं तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पिणारच. मी म्हटलं, रोपं मद्रासला करू. इथल्या मातीनं जन्मात कॉफीचं मूळ पाहिलेलं नाही.

वेस्ट मांबलममध्ये कॉफीची रोपं! गल्लीनं आम्हाला वेड्यात काढलं. नवरा बँकेतून आला की आधी रोपांवर पाणी शिंपडायचा, मग बूट काढायचा. मागच्या अंगणात विहिरीशेजारी नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला, नदीची वाळू उकळत्या पाण्यानं धुतली आणि दोन्ही जातींच्या बिया पेरल्या. पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उलटला आणि रोपांनी माना वर काढल्या. कलम करायचं ते याच वयात, देठ काडीएवढा असताना. रोबस्टाचा शेंडा उडवून देठाला चीर द्यायची, अरेबिकाचं मूळ छाटून टोकाला पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि बांधायची.

चीर मला जमली. बांधणं जमेना. प्लास्टिकची पट्टी घट्ट केली की देठ चिरडे, सैल ठेवली की पाचर निसटे. पहिल्या दिवशी मी वीस कलमं केली आणि अठरा मोडली. आदळआपट करून मी उठले. अम्मा ओसरीवर रोजच्यासारखा मोगऱ्याचा गजरा बांधत होत्या. ओल्या केळीच्या सोपटाचा धागा, दोन बोटांत फुलाचा देठ, एक पीळ, एक फास, पुढचं फूल. नजर रस्त्यावर, बोटं आपली चालूच. कोवळा देठ कधी चिरडत नव्हता आणि फूल कधी निसटत नव्हतं.

मी जाऊन त्यांच्यासमोर एक कलम धरलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, केळीचा धागा दातानं तोडला, दोन वेढे, एक फास. “हें येवढंच होय?” त्या म्हणाल्या. “तें प्लास्टिक टाकून दे. धागा आपोआप कुजून पडतो.”

पुढचे पंधरा दिवस आमच्या ओसरीवर गल्लीतल्या पाचसहा बायका बसत होत्या. मी ब्लेडनं चीर देत होते आणि त्या बांधत होत्या. शेतकी कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. दर दहा कलमांतली आठ जगली. ओल्या गोणपाटाखाली, मद्रासच्या दमट हवेत, ती अशी तरारली की ज्यांनी वेड्यात काढलं होतं ते लोक संध्याकाळी बघायला यायला लागले. एप्रिल संपायच्या आत हजारावर रोपं टोपल्यांतून रेल्वेनं सेलमला गेली. अप्पा त्याच गाडीत बसले होते आणि प्रत्येक स्टेशनावर उतरून सामानाच्या डब्यात डोकावून येत होते.

पावसाळ्यात, खड्ड्यात निंबोळी पेंड घालून, रोपं लागली. मग वाट बघणं. पहिलं वर्ष मला काहीच वाटलं नाही, पहिल्या वर्षी मागचीही हिरवीच होती. दुसऱ्या वर्षी मात्र पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दाराशी धावायची. अप्पा डोंगरावरून आले की मी त्यांच्या तोंडाकडे आधी बघायची, पिशवी नंतर घ्यायची.

दुसरा पावसाळा संपताना सगळे मिळून गेलो. भाऊजीही आले. सेलमच्या गृहस्थाचा कागद त्यांच्या बॅगेत होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वळणावरून तो एकर दिसला आणि मी मोठ्यानं ओरडलेच. हिरवागार होता. पानं अशी काळपट हिरवी की तेल लावल्यासारखी. भाऊजी रांगेत शिरले, एका रोपाला धरून ओढलं. आलं नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढलं. पानं सळसळली, रोप हाललं नाही. भाऊजींच्या हाताला लालभडक वळ उठले. अम्मा ओरडल्या, “अरे सोड तें! बांधलंय कुणी?”

मी ओली माती घेतली आणि मद्रासला येऊन तपासली. किडे होते. आधीच्या मानानं फार थोडे, पण होते. रिपोर्टवर मी तसंच लिहिलं, आणि अप्पांना सांगताना माझा आवाज थोडा चाचरला. अप्पा म्हणाले, “असूं देत. आपुल्या गल्लींत नाहींत काय असले? राहतोंच की आपण.”

पुढच्या मार्चमध्ये त्या एकरावर फूल आलं, सगळा उतार पांढरा. त्याच सुमारास सेलमचे गृहस्थ स्वतः मद्रासला आमच्या घरी आले. रविवार होता. अप्पा आतल्या खोलीत होते, ओसरीवर भाऊजी. गृहस्थांनी इकडतिकडचं बोलून मूळ विषय काढला: त्या रिकाम्या तुकड्याचं काय ठरलं? मी दाराआड उभी होते. आत अम्मांचा गजरा बांधणारा हातसुद्धा थांबला.

“इडम् काली इल्लै,” भाऊजी म्हणाले. जागा रिकामी नाही. एवढंच म्हणाले आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आले. मला वाटलं, तिथंच टाळ्या वाजवाव्यात. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

मग भाऊजी आत आले, अप्पांसमोर खुर्ची ओढून बसले. जरा घुटमळले. “अप्पा,” ते म्हणाले, “ओढ्याकडचा एकरही आतां म्हातारा जाहला. तो कधीं काढूं या?”

अप्पांनी चष्मा काढला. “मज काय पुसतोस?” ते म्हणाले. “तिज पूस.”

आणि भाऊजींनी खुर्ची माझ्याकडे वळवली.